टॅगचा खर्च कुणाचा? काटोलच्या संत्र्यापासून बंदरातल्या कंटेनरपर्यंत आरएफआयडीचा आढावा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेड भागातून दिल्ली किंवा कोलकात्याकडे निघालेला संत्र्याचा ट्रक वाटेत अनेकदा आरएफआयडीने, म्हणजे रेडिओ लहरींवरून ओळख पटवणाऱ्या तंत्राने, वाचला जातो, पण तो टोलनाक्यावर. काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगचा क्रमांक छपराखालचा रीडर टिपतो, पैसे कापले जातात, गाडी पुढे जाते. गाडी कुणाची, कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली, याची नोंद क्षणात होते. पाठीमागे भरलेल्या मालाबद्दल मात्र त्या यंत्रणेकडे काहीच नसते. बाग कुणाची, तोडणी कधीची, फळ कोणत्या प्रतीचे, हे ट्रकचालकाच्या खिशातल्या चिठ्ठीवर असले तर असते.

वाहनाची ओळख इतकी पक्की झालेली असताना मालाची ओळख इतकी पुसट का राहिली? जगभरच्या कारखान्यांत आणि गोदामांत गेली पंचवीस वर्षे हाच वाद वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. काटोलसारख्या तालुक्यातून त्याकडे पाहिले तर त्यातले काही मुद्दे अधिक स्पष्ट दिसतात.

यंत्रणा चालते कशी

आरएफआयडीचे तीन भाग आहेत: टॅग, तो वाचणारा रीडर आणि त्यामागची संगणकातली नोंद. टॅगमध्ये मोहरीच्या दाण्याहूनही लहान चिप असते आणि तिला धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना जोडलेला असतो. मालवाहतुकीत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक टॅगांना बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या रेडिओ लहरींतूनच चिपला वीज मिळते आणि त्याच लहरींत थोडा फेरफार करून परतवताना ती आपला क्रमांक कळवते. बॅटरी नसल्याने टॅग स्वस्त पडतो आणि वर्षानुवर्षे टिकतो.

बारकोड समोर धरून एकेक वाचावा लागतो. टॅग पुठ्ठ्याच्या खोक्यातूनही वाचता येतो आणि एक रीडर सेकंदाला शेकडो टॅग टिपू शकतो. दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा आहे. बारकोड बहुधा वस्तूचा प्रकार सांगतो, म्हणजे 'अमुक कंपनीचा अमुक साबण'. टॅगवरचा क्रमांक त्या एका नगाचा असतो.

लहरींचे तीन पट्टे वापरात आहेत. जनावरांच्या टॅगांसाठी १३४ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा, कार्डांसाठी १३.५६ मेगाहर्ट्‌झचा आणि मालासाठी ८६० ते ९६० मेगाहर्ट्‌झचा, ज्याला यूएचएफ म्हणतात. भारतात २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला.

यूएचएफ लहरी काही मीटरपर्यंत पोचतात, पण त्यांना पाणी आणि धातू या दोन अडचणी आहेत. पाणी त्यांना शोषून घेते, धातू परतवून लावतो. संत्र्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असते आणि ट्रकचा हौदा लोखंडी असतो. थराथरांनी रचलेल्या कॅरेटच्या थप्पीत मधल्या कॅरेटवरचा टॅग वाचला जाईलच याची खात्री देता येत नाही, आणि काटोलच्या संदर्भात कोणतीही योजना मांडताना इथूनच सुरुवात करावी लागते.

युद्धातून दुकानात

परतणाऱ्या रेडिओ लहरीवरून ओळख पटवण्याची गरज दुसऱ्या महायुद्धात निर्माण झाली. येणारे विमान आपले की शत्रूचे, हे रडारच्या ठिपक्यावरून कळत नव्हते. १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्यावर निबंध लिहिला. १९७३ मध्ये अमेरिकेत मारियो कार्डुलो आणि चार्ल्स वॉल्टन यांना या तंत्रावर वेगवेगळी पेटंटे मिळाली. वॉल्टन यांचे पेटंट कार्डाने दार उघडण्याचे होते. पुढची वीस-पंचवीस वर्षे हे तंत्र टोल, गुरे आणि कार्यालयांची दारे यांपुरते राहिले, कारण टॅग महाग होता.

वळण आले १९९९ मध्ये. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीतल्या केविन अ‍ॅश्टन यांना एकच गोष्ट सतावत होती. लिपस्टिकची एक छटा गोदामात भरपूर असूनही दुकानाच्या फळीवर संपलेली असायची आणि दुकानदाराला ते कळत नसे. एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर उभे राहिले. कानपूर आयआयटीतून शिकून गेलेले संजय सरमा आणि त्यांचे सहकारी डेव्हिड ब्रॉक हे त्याच्या संस्थापकांत होते. चिपमध्ये सगळी माहिती ठेवण्याऐवजी फक्त एक क्रमांक ठेवावा आणि बाकी माहिती संगणकांच्या जाळ्यावर असावी, ही त्यांची मांडणी. चिप जितकी साधी तितकी स्वस्त. पाच सेंटचा टॅग हे उद्दिष्ट तेव्हाच ठरले.

जून २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग लावायला सांगितले. अमेरिकी संरक्षण खात्यानेही तशीच अट घातली. डिसेंबर २००४ मध्ये 'जेन टू' हे समान मानक ठरले आणि २००६ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानकांत सामावले गेले. अरकान्सा विद्यापीठाने २००५ मध्ये वॉलमार्टच्या दुकानांचा अभ्यास केला, त्यात टॅगमुळे 'माल संपला' हे प्रसंग १६ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले.

एवढे होऊनही ती पहिली लाट ओसरली. फळी रिकामी राहिली नाही याचा फायदा दुकानाला होता, टॅगचे बिल मात्र पुरवठादार भरत होता. बरेच पुरवठादार माल दारातून निघताना टॅग चिकटवून मोकळे होत आणि स्वतःच्या कारखान्यात त्याचा काडीचाही उपयोग करत नसत. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याच्या हाती काही लागत नाही, तिथे तंत्र कितीही चांगले असो, ते टिकत नाही. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

दुसरी लाट कपड्यांच्या धंद्यात आली. झारा या नाममुद्रेची मालक असलेल्या इंडिटेक्स कंपनीने २०१४ मध्ये टॅगचा मोठा वापर जाहीर केला. कपड्यात पाणी नाही, धातू जवळजवळ नाही, मापे आणि रंग मात्र असंख्य. शिवाय कारखान्याला ऑर्डर देणारा आणि दुकान चालवणारा मालक एकच, म्हणून खर्च आणि लाभ दोन्ही त्याच्याच वहीत बसले. वॉलमार्टने २०२२ मध्ये घरगुती वस्तूंसारख्या इतर विभागांकडेही ही अट पुन्हा नेली, पण तोवर टॅगची किंमत बरीच उतरली होती.

कारखान्यात ते का रुजले

दुकानांतल्या चर्चेपुढे कारखान्यांतला वापर फारसा बोलला गेला नाही, तरी तो अधिक स्थिर आहे. मोटारीचा सांगाडा रंगशाळेतून जातो तेव्हा कागदाची चिठ्ठी जळून जाईल, बारकोडवर रंग बसेल. म्हणून सांगाडा ज्या चौकटीवर ठेवतात तिलाच २०० अंशांच्या वरचा ताव सोसणारा टॅग बसवतात. पुढच्या प्रत्येक ठाण्यावर तो वाचला जातो आणि या गाडीला कोणता रंग, कोणते इंजिन, हे यंत्राला कळते. चौकट फेरा पूर्ण करून परत येते, तोच टॅग पुढच्या गाडीला लागतो. महागडा टॅग असला तरी हजारो फेऱ्यांवर त्याचा खर्च वाटला जातो. सुट्या भागांच्या ट्रॉल्या आणि ठशांची महागडी साधने यांनाही हेच लागू पडते. एअरबसने ए-३५० विमानाच्या भागांवर जास्त साठवणक्षमतेचे टॅग लावले, कारण त्या भागांचा दुरुस्तीचा इतिहास वर्षानुवर्षे सोबत ठेवावा लागतो.

विदर्भातले जवळचे उदाहरण कोळशाचे. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्ससह कोल इंडियाच्या कंपन्यांनी कोळसा वाहणाऱ्या ट्रकांना टॅग लावले आणि वजनकाट्याशी रीडर जोडले. ठरलेला ट्रक काट्यावर आला की नोंद आपोआप होते. वजनाच्या नोंदीत माणसाचा हात कमी व्हावा आणि चोरी रोखावी, हा हेतू. इथेही ट्रक तेच, काटे तेच, फेरे रोजचे. बंदिस्त फेऱ्यात आरएफआयडी सगळीकडे चालते. जिथे माल एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो आणि वेष्टन परत येत नाही, तिथे वाद सुरू होतो.

भारताचा अनुभव

देशात आरएफआयडी सर्वसामान्यांपर्यंत नेली ती टोलने. नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१० मध्ये टोलसाठी बॅटरी नसलेल्या आरएफआयडी टॅगची शिफारस केली. २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गावर प्रयोग झाला आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या. नागपूरला मुंबईशी जोडणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही टोल फास्टॅगनेच वसूल होतो. देशभर एकच मानक, बँकेशी थेट जोडणी आणि टॅग नसेल तर दुप्पट टोल, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते जमले. दंडाचा धाक बाजूला ठेवला तर किती वाहनचालकांनी आपणहून टॅग घेतला असता, हा प्रश्न उरतोच.

कंटेनरांसाठी लॉजिस्टिक्स डेटा बँक नावाची यंत्रणा जुलै २०१६ मध्ये उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात सुरू झाली. केंद्र सरकारचे औद्योगिक मार्गिका महामंडळ आणि जपानची एनईसी कंपनी यांचा तो संयुक्त उपक्रम. कंटेनरला टॅग लागतो, बंदराचे फाटक, टोलनाके आणि अंतर्गत कंटेनर डेपो इथले रीडर तो टिपतात आणि मालकाला संकेतस्थळावर कंटेनर कुठे आहे ते दिसते. नागपुरातून बंदराकडे जाणाऱ्या निर्यातदारालाही तो ठावठिकाणा मिळतो. २०१७ पासून सीमाशुल्क विभागाने कारखान्यातच सील केल्या जाणाऱ्या निर्यात कंटेनरांसाठी आरएफआयडीचे इलेक्ट्रॉनिक सील आणले. पूर्वी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होणारे सीलबंदीचे काम निर्यातदाराकडे आले आणि सीलचा खर्चही त्याच्याकडेच आला. रेल्वेनेही मालवाघिणींवर टॅग बसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. काटोल स्थानक नागपूर-इटारसी या गजबजलेल्या मार्गावर असल्याने मालगाडी नेमकी कुठे आहे हे कळणे इथल्या व्यापाऱ्यालाही उपयोगाचे आहे.

या सर्व योजनांत टॅग गाडीला, डब्याला किंवा कंटेनरला आहे. आतल्या मालापर्यंत एकही योजना पोचत नाही. थंड कंटेनर नागपूरहून निघून कुठवर गेला ते कळेल, पण मधे दोन तास यंत्र बंद पडून फळ तापले का, हे कळणार नाही.

काटोलच्या कॅरेटपाशी

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा पट्टा नागपुरी संत्र्याचा. मोसंबीही इथली. काटोलला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, मृगाचा फेब्रुवारीनंतर. कागदावर या फळाची ओळख भक्कम आहे.

प्रत्यक्ष व्यवहार वेगळा चालतो. पुष्कळ शेतकरी झाडावरचा बहार सरसकट व्यापाऱ्याला विकतात. व्यापारी बाग फिरून पाहतो, फळांचा अंदाज बांधतो, विसार देतो आणि सौदा ठरतो. त्यानंतर तोडणी, मजूर, गाडी सगळे त्याचे. फळ देठासह कैचीने तोडावे असे संशोधन संस्था सांगतात, घाईच्या वेळी ते हाताने ओढले जाते. एका दिवसात दोन-तीन बागांचा माल एकाच गाडीत चढतो. ग्रेडिंगच्या शेडवर तो पट्ट्यावर ओतला जातो, धुतला जातो, त्यावर मेणाचा लेप चढतो, आकारानुसार वेगळा होतो. चुरी, म्हणजे बारीक फळ, बाजूला पडते आणि प्रक्रियेला किंवा स्थानिक बाजारात जाते. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जे कॅरेट भरते त्यात कोणत्या बागेचे फळ आहे, हे भरणाऱ्या बाईलाही सांगता येणार नाही. मालाची ओळख हरवते ती इथे. टॅगचा प्रश्न त्यानंतर येतो.

कॅरेटचेही तसेच. प्लास्टिकच्या कॅरेटवर मालकाचे नाव रंगाने किंवा तापवलेल्या सळईने उमटवलेले असते, तरी बाजारात गेलेले सगळे परत येत नाहीत आणि परत आलेल्यांत दुसऱ्याची मिसळलेली असतात. काही माल अजूनही ट्रकच्या हौद्यात गवताचा थर देऊन सुटाच जातो. त्याला टॅग लावायचा तर कशाला लावणार?

नागपुरी संत्र्याची मोठी परदेशी बाजारपेठ असलेल्या बांगलादेशाचे गणित वेगळे आहे. तिथल्या सरकारने आयातशुल्क वर्षागणिक वाढवत नेले आणि २०२३ पर्यंत ते किलोमागे ८८ रुपयांवर पोचल्याच्या बातम्या आल्या. तिकडे जाणारा माल घटला तो या शुल्काने. माल शोधता येण्याच्या यंत्रणेने ते दुखणे बरे होणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तिचा उपयोग असला तर तो नव्या आणि काटेकोर बाजारांसाठी, तसेच देशातल्या मोठ्या किरकोळ साखळ्यांसाठी आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात मार्च २०२५ मध्ये पतंजलीचा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला, त्याची क्षमता दिवसाला ८०० टन सांगितली गेली. अशा कारखान्याला फळाचा लॉट आणि त्यावरची फवारणी माहीत असण्याची गरज किरकोळ व्यापाऱ्याहून जास्त असते.

चार भूमिका

पहिली भूमिका अशी की भारतीय शेतमालाला छापील कोड पुरेसा आहे. तिच्या बाजूने सर्वांत भक्कम दाखला नाशिकच्या द्राक्षांचा. २००३ मध्ये युरोपात कीटकनाशकांच्या अंशांवरून भारतीय द्राक्षे अडली. २००६ मध्ये अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने ग्रेपनेट ही नोंदप्रणाली आणली. बागेची नोंदणी, फवारणीचे टिपण, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पॅकहाऊसमधल्या खोक्याचा कोड हे सगळे एका साखळीत बांधले गेले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांवरून पुन्हा संकट आले, कारण त्या रसायनाची तपासणीच यादीत नव्हती. त्यानंतर यादी वाढली, साखळी टिकली. तिच्यात आरएफआयडीचा मुख्य आधार कुठेही नाही. डाळिंब, आंबा, भाजीपाला आणि संत्रवर्गीय फळांसाठीही तशाच नोंदणी आल्या. कापसाच्या 'कस्तुरी' गाठींवर क्यूआर कोड लागतो, ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० नाममुद्रांवर तो सक्तीचा झाला. क्यूआर छापायला काही पैसे लागतात आणि वाचायला प्रत्येकाच्या खिशातला फोन चालतो. शेतकऱ्यालाही तो वाचता येतो, ही बाब लहान नाही. या भूमिकेची कमजोरी म्हणजे छापील कोडची नक्कल सोपी आहे, ओल्या शेडमध्ये स्टिकर सुटते आणि शंभर कॅरेट म्हणजे शंभर वेळा फोन धरणे.

दुसरी भूमिका कॅरेटला टॅग लावण्याची. फळाला किंवा खोक्याला टॅग परवडणार नाही, पण परत येणाऱ्या कॅरेटला परवडेल. टॅग दहा रुपयांचा आणि कॅरेटच्या ५० फेऱ्या धरल्या तर फेरीमागे वीस पैसे पडतात. वाचन थप्पीत न करता ग्रेडिंगच्या पट्ट्यावर एकेक कॅरेट जाताना करायचे. टॅग कडेच्या दांड्याजवळ, फळापासून थोडी हवेची पोकळी ठेवून बसवायचा, म्हणजे पाण्याचा त्रास बराच कमी होतो. मला ही भूमिका तांत्रिक दृष्ट्या सर्वांत सशक्त वाटते. तिची अट एकच आहे, कॅरेट परत आले पाहिजे. त्यासाठी कॅरेट कुणा एका मालकाचे असावे लागतात: शेतकरी उत्पादक कंपनीचे, बाजार समितीचे किंवा भाड्याने देणाऱ्या कंपनीचे. युरोपात फळांच्या भाड्याच्या कॅरेटचा धंदा मोठा आहे आणि तिथे फेरा बंदिस्त ठेवणारी अनामत पद्धत आधी रुजली, टॅग मागाहून आले.

तिसरी भूमिका तापमान नोंदवणाऱ्या टॅगची. नागपुरी संत्रा ६ ते ७ अंश सेल्सिअसला आणि भरपूर आर्द्रतेत दीर्घकाळ टिकतो. समुद्रमार्गे लांब पाठवायचा तर ही साखळी मधे तुटली का, हे कळायला हवे. असे टॅग महाग असतात, म्हणून कंटेनरमागे काही मोजकेच लावले जातात. अमेरिकेतल्या चिपोट्ले या उपाहारगृहांच्या साखळीने २०२२ मध्ये मांस, दूध-पदार्थ आणि अ‍ॅव्होकाडोच्या खोक्यांवर आरएफआयडीचा प्रयोग जाहीर केला, तोही पुरवठादारांसह. तिथे शेवटचा खरेदीदार एकच होता. काटोलच्या मालाला असा एकच खरेदीदार नाही.

चौथी भूमिका तंत्राबद्दल साशंक असलेल्यांची, आणि तिला मी दुय्यम मानत नाही. बहार झाडावरच विकला जातो तोवर शेतकऱ्याला शोधता येण्याजोग्या मालाचा जादा भाव मिळण्याची वाटच नाही, मग त्याने नोंदी ठेवाव्यात का? या मंडळींच्या मते आधी व्यवहार बदलला पाहिजे: वजनावर विक्री, प्रतवारीनुसार भाव, बाजार समितीच्या फाटकावर लॉट क्रमांक. ई-नाम या शेतमालाच्या राष्ट्रीय ऑनलाइन बाजारात तशी सोय आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या शेतातून पिकाचा फोटो नोंदवतो, आता शेतकरी ओळख क्रमांकही आला आहे. बागेची सरकारी नोंद, फाटकावरचा लॉट आणि कॅरेटवरचा कोड हे तीन दुवे जोडले तर टॅग असो वा क्यूआर, साखळी उभी राहील. त्यांच्या उत्तरात उणीव एवढीच की व्यवहार बदलायला पिढी लागू शकते आणि तोवर काटेकोर बाजार दुसऱ्या देशांच्या फळांनी भरून जातात.

न सुटलेले

पैशाचा प्रश्न पहिला. टॅग काही रुपयांवर आला, पण रीडर, अँटेना, केबल आणि संगणक धरून एका दरवाजाचा खर्च लाखांत जातो. शेड वर्षातले काही महिने चालते. हा खर्च पॅकहाऊसने करावा, निर्यातदाराने करावा की अनुदानातून व्हावा, यावर एकमत नाही. टोलमध्ये सक्ती होती, पण शेतमालात तशी सक्ती केली तर तिचा भार शेवटी शेतकऱ्याच्या भावात उतरेल, ही भीती रास्त आहे.

दुसरा प्रश्न माहितीच्या मालकीचा. कॅरेटचा प्रवास नोंदला गेला तर व्यापाऱ्याला कोणत्या बागेतून किती माल आणि कोणत्या प्रतीचा निघतो हे वर्षानुवर्षे दिसत राहील आणि पुढच्या सौद्यात तो त्याचा उपयोग करेल. शेतकऱ्याला मात्र तोच कॅरेट दिल्लीत कितीला विकला गेला हे दिसेल का? यंत्रणा दोन्ही बाजूंनी उघडी असावी असे म्हणणारे पुष्कळ आहेत, तशी प्रत्यक्षात उभी करणारे थोडे. २००३ मध्ये बेनेटन कंपनीच्या कपड्यांत टॅग येणार अशी बातमी आली तेव्हा अमेरिकेत ग्राहकांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. तिथे चिंता ग्राहकाच्या खासगीपणाची होती. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला, पण तो व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. शेताच्या उत्पादनाची आणि फवारणीची माहिती कुणाची, याचे सरळ उत्तर त्यात मिळत नाही.

तिसरा प्रश्न टोलच्या बाजूने येतो. नंबरपाट्या वाचणारे कॅमेरे आणि उपग्रहावर आधारित टोल यांची चर्चा सुरू आहे. उद्या कॅमेऱ्यानेच काम भागले तर वाहनांवरच्या आरएफआयडीचे भवितव्य काय? गोदामांतही कॅमेरा आणि प्रतिमा ओळखणारी प्रणाली आता स्पर्धेत उतरली आहे. किरकोळ विक्रीत २०२७ पर्यंत जुन्या बारकोडसोबत क्यूआरसारखे द्विमितीय कोड वाचता यावेत, असे उद्दिष्ट जीएस-वन या जागतिक संस्थेने ठेवले आहे. म्हणजे आरएफआयडीला पर्याय कमी न होता वाढत आहेत.

आणि एक प्रश्न फळाच्याही आधीचा आहे, कलमाचा. संत्र्याची बाग वीस वर्षे आणि त्याहून जास्त उभी राहते. रोपवाटिकेतून आलेले कलम रोगमुक्त मातृवृक्षाचे आहे की नाही, हे शेतकऱ्याला पाच-सहा वर्षांनी, फळधारणेच्या वेळी कळते. कलमासोबत मिळालेला कागद तोवर हरवलेला असतो आणि रोपवाटिका बंद पडलेली असू शकते. फ्लोरिडात लिंबूवर्गीय झाडांच्या खोडात आरएफआयडी टॅग बसवून त्यांचा माग ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. तिथे टॅग झाडासोबत वाढत्या खोडात किती वर्षे टिकतो, हाच अभ्यासाचा विषय होता. एका झाडाला एकदाच टॅग, तोही वीस वर्षांसाठी, म्हणजे इथे खर्चाचा हिशेब कॅरेटहूनही सोपा आहे. पैसे रोपवाटिकेने भरले तर तिला आपल्या कलमाची हमी विकता येते, शेतकऱ्याला रोग आला तेव्हा दाद मागता येते. काटोलच्या उन्हाळ्यात, डिंक्या रोगाने खोड ओले राहते अशा झाडांवर, लहरी खोडातल्या पाण्यातून किती पोचतील, याची चाचणी इथल्याच बागांत घ्यावी लागेल.